लस फुकट, सिस्टर दारात, तरी डोस का राहतात?

नव्याने रुजू झालेल्या एका समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचा प्रश्न आहे. त्यांच्या उपकेंद्राच्या यादीत दोन वर्षांच्या आतली अकरा मुलं अशी आहेत की ज्यांचे डोस अर्धवट राहिलेत. गाव एकच, सिस्टर एकच, लस फुकट, आणि शेजारच्या घरातल्या लेकराचं मात्र सगळं वेळेवर झालंय. मग या अकरा घरांत वेगळं काय आहे? आईचं शिक्षण, गरिबी, अंधश्रद्धा, यातल्या नेमक्या कशावर काम करायचं?

मी सव्वीस वर्षं आधी आरोग्यसेविका आणि मग आरोग्य सहाय्यिका म्हणून काम केलं. त्यातली बरीचशी वर्षं ऊसतोडीला जाणाऱ्या गावांत गेली. त्या अनुभवावरून सांगते, आणि जरा सविस्तरच सांगते.

आधी त्या अकरा मुलांची लसीकरणाची कार्डं समोर मांडा आणि प्रत्येकावर शेवटचा शिक्का कुठल्या डोसाचा आहे ते बघा. यादीत आपण सगळ्यांपुढे ‘अर्धवट’ असा एकच शब्द लिहितो, पण प्रत्येक मूल एका ठरावीक डोसावर थांबलेलं असतं. ते कुठे थांबलं यावरून घरात काय अडलं ते बहुतेक वेळा कळतं. जन्माच्या डोसांवर थांबलेलं, पहिल्या पेंटावर, म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्र लसीच्या पहिल्या डोसावर थांबलेलं, तिसऱ्या पेंटानंतर गोवर-रुबेलाला न आलेलं, ही तीन वेगळी घरं आहेत. तिघांनाही एकच भाषण दिलं तर तीनही ठिकाणी वाया जातं.

जन्माच्या डोसांवर थांबलेलं बाळ घ्या. क्षयाची बीसीजी, शून्य पोलिओ म्हणजे जन्मताच द्यायचे थेंब, आणि कावीळ-बी हे तीनही डोस दवाखान्यातच झालेत, पुढे काही नाही. अशा घरात मी पहिला प्रश्न विचारायचे, ‘बाळंतपण माहेरी झालं का?’ आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. बाळ दीड महिन्याचं होतं तेव्हा ते आईच्या माहेरी असतं, अडीच महिन्यांचं होतं तेव्हा सासरी न्यायची गडबड असते, आणि कार्ड माहेरच्या कपाटात, नाहीतर आजीच्या पेटीत राहतं. माहेरची आशाताई म्हणते, ते सासरच्या यादीत असेल. सासरची म्हणते, आमच्याकडे नोंदच नाही. दोन्हीकडे बाळ कुणाचंच नसतं. इथे आई अडाणी नाही आणि घर विरोधातही नाही. दोन घरांच्या मधल्या रस्त्यावर डोस सांडलाय, एवढंच. अशा वेळी समजावत बसू नका. माहेरचं गाव विचारा, तिथल्या उपकेंद्राला फोन लावा, कार्डाचा फोटो मागवा आणि बाळाला आपल्या यादीत घ्या. गरोदरपणी सातव्या-आठव्या महिन्यात बाई माहेरी निघाली की तेव्हाच तिच्या मोबाइलमध्ये कार्डाचा फोटो काढून ठेवायची सवय मी आशाताईंना लावली होती. बाळ झाल्यावर तोच फोटो पुन्हा नव्याने काढायचा.

आता पहिल्या पेंटावर थांबलेलं बाळ. यावर मी जास्त बोलणार आहे, कारण सगळ्यात जास्त मुलं इथे हातातून सुटलेली मी पाहिली, आणि ती सुटण्यात आपलाही हात असतो.

दीड महिन्याच्या बाळाला एका बैठकीत तीन सुया बसतात. डाव्या मांडीत पेंटा, उजव्या मांडीत न्यूमोनियावरची न्यूमोकोकल, उजव्या दंडात पोलिओची छोटी सुई, शिवाय तोंडातून पोलिओचे थेंब आणि जुलाबावरची रोटा. पेंटामध्ये डांग्या खोकल्याचा भाग असतो, त्याने ताप येऊ शकतो आणि मांडीला गाठ येते. हे आपल्याला पाठ असतं. पण त्या घरात रात्री काय होतं ते आठवून बघा. अकरा वाजता बाळ तापलंय, रडतंय, पाय हलवू देत नाही. वीस वर्षांची आई घाबरलेली. नवरा कामावरून दमून आलेला, सकाळी पुन्हा जायचंय. सासू उठून बाळाला मांडीवर घेते आणि म्हणते, ‘चांगलं हसतंखेळतं लेकरू नेलंस, बघ काय करून आणलंस.’ त्या रात्री त्या घरात लसीकरणाचा निकाल लागतो. पुढच्या महिन्यात आशाताई बोलवायला जाते तेव्हा आई म्हणते, ‘येते हं,’ आणि येत नाही. ती खोटं बोलत नसते. सासूसमोर तो विषय पुन्हा काढायची तिची हिंमत नसते.

म्हणून अशा घरात ‘लस का दिली नाही?’ असं विचारू नका. ‘मागच्या वेळी ताप आला तेव्हा रात्रभर कोण जागलं?’ असं विचारा. जो माणूस जागला, तोच या घरात ठरवणारा. बहुतेक वेळा आजी असते, कधी जाऊ, एखाद्या घरात आजोबा. पुढचं सगळं बोलणं त्या माणसाशी करायचं, आईशी नाही. मी एका आजीला लसीकरण सत्राच्या दिवशीच बोलावून घेतलं होतं. नातीला सुई देण्याआधी तिच्या हातात पॅरासिटामॉलची बाटली दिली, वजन बघून किती द्यायचं ते मोजून दाखवलं, झाकणावर पेनने खूण केली. सांगितलं, ‘आजी, आज रात्री ताप येईल. आला तर एवढं द्यायचं, अंगावरचं पाजत राहायचं, मांडीवर पाण्याची गार घडी ठेवायची, चोळायचं नाही, हळद-तेल लावायचं नाही. झटका आला, बाळ उठवूनही उठेना किंवा तीन तास सलग रडत राहिलं, तर तडक दवाखाना गाठायचा.’ दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्या घरी गेले. आजी ओट्यावर बसून शेजारणीला सांगत होती, ‘शिष्टर म्हणली तसंच झालं, रात्री आला अन् सकाळी उतरला.’ ताप तोच, पण आधी सांगितला होता म्हणून त्याची भीती वाटली नाही. त्या नातीचे पुढचे सगळे डोस आजीनेच आणून दिले, वर गल्लीतली आणखी दोन मुलं घेऊन आली.

बीसीजीचंही तसंच. सुई दिल्यावर काही आठवड्यांनी डाव्या दंडावर फोड येते, ती पिकते, फुटते आणि व्रण राहतो. हे आधी सांगितलं नसेल तर घरात बोलबाला होतो की सुई ‘पिकली’, सिस्टरचा हात खराब आहे. आपल्याला पुस्तकात चार गोष्टी सांगायला शिकवतात: कुठली लस दिली, पुढची कधी, काय त्रास होईल, कार्ड सांभाळून आणा. गर्दीच्या दिवशी तिसरी गोष्ट गाळली जाते, आणि घर तुटतं ते नेमकं तिथे.

एक माझी चूक सांगते. सुरुवातीच्या वर्षांत एक बाई चार महिने उशिरा बाळ घेऊन आली. सगळ्यांच्या देखत मी तिला चांगलंच फैलावर घेतलं, ‘लेकराची काही काळजी आहे का नाही?’ तिने खाली मान घालून सुई घेतली आणि पुन्हा कधी आली नाही. नंतर कळलं की त्या काळात तिचा नवरा पाय मोडून पडला होता आणि ती एकटी खुरपायला जात होती. ते मूल माझ्यामुळे राहिलं. त्यानंतर उशिरा आलेल्या बाईला मी पहिलं वाक्य एकच म्हणायचे, ‘आलीस ते बरं केलंस.’

तिसऱ्या पेंटानंतर थांबलेली मुलं वेगळी. लसीकरणाचा तक्ता नीट बघा. दीड, अडीच, साडेतीन महिने, असं महिन्या-महिन्याने बोलावणं असतं आणि घराला त्याची सवय लागते. त्यानंतर थेट नऊ महिने. मध्ये साडेपाच महिने कुणी बोलावत नाही. या काळात बाळाचं उष्टावण होतं, आई पुन्हा कामाला लागते, आणि ‘सगळ्या सुया झाल्या’ असं घरातल्या सगळ्यांना प्रामाणिकपणे वाटायला लागतं. मग गोवर-रुबेलाचा पहिला डोस राहतो, त्याच्यासोबतचा न्यूमोकोकलचा बूस्टर राहतो, पोलिओची तिसरी छोटी सुई राहते, जीवनसत्त्व ‘अ’ राहतं. यावर माझा उपाय साधा होता. साडेतीन महिन्यांची सुई झाली की घरी जाऊन भिंतीवरच्या कालनिर्णयवर नऊ महिने पूर्ण होतात त्या तारखेभोवती लाल गोल करायचा, आणि तो घरातल्या शाळेत जाणाऱ्या मुलीकडून करून घ्यायचा. आई विसरते, ताई विसरत नाही. पुढच्या वर्षीचं कॅलेंडर लागायचं असेल तर तारीख कार्डाच्या मागे मोठ्या आकड्यांत लिहायची.

आणि इथेच ऊसतोड येते. आमच्या बीड-अहिल्यानगर पट्ट्यात नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतात आणि हंगाम संपवून उन्हाळ्यात परततात. म्हणून आमच्याकडे बाळ कुठल्या महिन्यात जन्मलं हे आईच्या शिक्षणाइतकंच महत्त्वाचं. हिशोब करून बघा. जानेवारीच्या मध्याला जन्मलेलं बाळ ऑक्टोबरच्या मध्याला नऊ महिन्यांचं होतं. त्या महिन्याचं सत्र चुकलं की टोळी गेली, आणि बाळ परत येतं तेव्हा सव्वा वर्षाचं झालेलं असतं. फेब्रुवारीत जन्मलेल्याचे नऊ महिने तर नोव्हेंबरात, कोपीत, म्हणजे तोडीवरच्या झोपडीतच भरतात. सप्टेंबरमध्ये जन्मलेल्या बाळाला दीड महिन्याची सुई गावात मिळाली तर मिळाली, अडीच आणि साडेतीनच्या दोन्ही कारखान्याच्या हद्दीत पडतात. तिथे आई पहाटे चारला फडात गेलेली असते, बाळ मोठ्या बहिणीजवळ, आणि बहीण स्वतःच सात-आठ वर्षांची. अशा घराला ‘जागृती’ची गरज नसते. त्याला दोन गोष्टी लागतात. निघण्यापूर्वी वयात बसतील तेवढे सगळे डोस, आणि हातात कार्ड. त्या आईला ठणकावून सांगा की हे कार्ड आपल्या देशात कुठल्याही सरकारी दवाखान्यात, कुठल्याही सत्रात चालतं, ‘तुमच्या गावाला जा’ असं म्हणायचा कुणाला अधिकार नाही. हे अनेक बायकांना माहीतच नसतं. जव्हार-मोखाड्याकडून वीटभट्टीवर उतरणाऱ्या कुटुंबांचंही हेच.

आता तुम्ही विचारलेल्या तीन गोष्टींकडे येते. आईच्या शिक्षणाचा परिणाम खरा आहे, प्रत्येक सर्वेक्षणात तो दिसतो. पण शाळेत लसीबद्दल शिकवलं म्हणून तसं होत नाही. शिकलेली बाई तारीख वाचते, सिस्टरला उलट प्रश्न विचारते, एसटीत एकटी बसून तालुक्याला जाते, आणि सासूला ‘नाही, न्यायचंच आहे’ म्हणू शकते. या चार गोष्टी न शिकलेल्या बाईला मिळवून दिल्या तर तिचंही मूल पूर्ण होतं. मी चौथी नापास बायांची पोरं अगदी वेळेवर पूर्ण झालेली पाहिली आहेत. त्यांच्या घरात त्यांचा शब्द चालायचा, एवढाच फरक. उलट पदवीधर सून, पण हातात दहा रुपये नाहीत आणि उंबऱ्याबाहेर पडायला परवानगी लागते, तिचं मूल मागे.

गरिबी म्हणजे आपल्या कामात रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, बुडणं. कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी दहाचं सत्र ठेवलं की आईला मजुरी आणि सुई यातलं एक निवडावं लागतं. आठवडी बाजाराच्या दिवशी सत्र ठेवलं तर निम्म्या बाया बाजारात. आणि एवढं करून ती आली, तर गोवर-रुबेलाची कुपी एकाच बाळासाठी कशी फोडायची म्हणून तिला परत पाठवतात. ती कुपी पातळ केल्यावर चार तासांत संपवावी किंवा टाकावी लागते, हे खरं. पण एका बाळासाठीही ती फोडायचीच, असाच नियम आहे. लस वाया गेली तर हिशोबात एक ओळ वाढते, पण रोज बुडवून आलेली आई रिकाम्या हाताने परत गेली तर ती दुसऱ्यांदा येत नाही. तसंच ‘सर्दी आहे, पुढच्या वेळी आण’ हे. साधी सर्दी, किरकोळ जुलाब, अंगात थोडी कणकण, यासाठी लस थांबवायची नसते. कमी वजनाच्या बाळालाही वयाप्रमाणेच द्यायची. ‘अशक्त आहे, जरा बाळसं धरू दे’ असं आजी म्हणते तेव्हा तिला सांगा की अशक्त बाळालाच गोवर सगळ्यात जास्त झोडपतो.

अंधश्रद्धा हा शब्द मी माझ्या वहीतून काढून टाकला होता. खरा नकार देणारी घरं फार थोडी असतात, आणि त्यांच्या नकारामागे बहुधा एखादी घडलेली गोष्ट असते. भावाच्या मुलाला सुईची गाठ पिकली, ती चिरावी लागली, असलं काहीतरी. ती गोष्ट पूर्ण ऐकून घ्या. २०१८ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रात नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी गोवर-रुबेलाची मोहीम निघाली, तेव्हा मोबाइलवर फिरणाऱ्या अफवांनी चांगल्या शिकल्यासवरल्या घरांनीही शाळेत चिठ्ठ्या पाठवल्या की आमच्या मुलाला देऊ नका. तिथे नकार बहुतेक वडिलांचा होता. वडिलांना आपण कधी भेटलेलोच नसतो, सगळी भेट आईशी. तेव्हा निदान एकदा संध्याकाळी, वडील घरी असतील अशा वेळी जा. नोंदवलेला मोबाइल नंबरही तपासा. निम्म्या वेळा तो वडिलांचा असतो, ते पुण्याला नाहीतर भिवंडीला कामाला, आणि डोसाचा मेसेज तिथे वाजतो. आईचा नंबर घ्या. तिच्याकडे फोन नसेल तर शेजारणीचा घ्या.

मुलांचा क्रमही बघा. पहिल्या बाळाचं कौतुक असतं, चौथ्याला न्यायला आईचे हात मोकळे नसतात. ती कडेवर एक, बोटाला एक घेऊन आणखी एकाला कशी आणणार? अशा घरी आशाताईने एका मुलाला सांभाळत सोबत चालत यावं, तेवढ्याने काम होतं. दीड वर्षाच्या डोसाला न आलेल्या घरात आई पुन्हा गरोदर आहे का ते विचारा. असेल तर तिच्या तपासणीच्या दिवशीच मोठ्याची सुई उरका. तिसरी-चौथी मुलगी असलेल्या घरांत मला टंगळमंगळ जास्त दिसली, हे लिहिताना वाईट वाटतं, पण दिसली. पहिल्या सुईला नाही, तिसऱ्या-चौथ्या खेपेला. त्या आयांकडे मी जास्त फेऱ्या मारायचे.

परिस्थिती हलत नाही असं समजू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१५-१६ साली महाराष्ट्रात १२ ते २३ महिन्यांच्या मुलांपैकी सुमारे ५६ टक्के मुलांचं लसीकरण पूर्ण होतं, २०१९-२१ मध्ये ते ७३ टक्क्यांच्या पुढे गेलं. ही वाढ घरोघर फिरून आलेली आहे. उरलेली मुलं मात्र विखुरलेली नसतात, ती ठरावीक वस्त्यांत एकत्र असतात, आणि गोवराला तेवढंच पुरतं. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीत गोवर पसरला, लहान मुलं दगावली, तेव्हा सहा महिन्यांच्या बाळांनाही जादा डोस द्यायची वेळ आली. कोरोनाच्या काळात राहिलेले डोस तिथे भोवले.

आता तुमची अकरा मुलं. राहिलेल्या कुणालाही पहिल्यापासून सुरुवात करायची नाही, जिथे थांबलं तिथून पुढे. बीसीजी एक वर्षापर्यंत देता येतं. पेंटाचा पहिला डोस वर्षाच्या आत झाला असेल तर उरलेले वर्षानंतरही चार-चार आठवड्यांच्या अंतराने पूर्ण करा. पेंटा सुरूच झालं नसेल आणि वर्ष उलटलं असेल तर डीपीटी, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वातावरची लस, ते सात वर्षांपर्यंत देता येतं. पोलिओचे थेंब आणि गोवर-रुबेला पाच वर्षांपर्यंत. एकाच दिवशी पेंटा आणि गोवर-रुबेला दोन्ही देता येतात, त्यासाठी दुसरी खेप मागू नका. कार्ड हरवलं असेल तर आधी रजिस्टर आणि यू-विन या सरकारच्या ऑनलाइन लसीकरण नोंदवहीतली नोंद बघा, डाव्या दंडावर बीसीजीचा व्रण शोधा, आईला ‘मांडीत किती वेळा दिली?’ असं विचारा आणि नवं कार्ड भरून द्या.

यादीवर प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहा: शेवटचा डोस कुठला, घरात ठरवणारं माणूस कोण, आणि हे कुटुंब दिवाळीनंतर गावात असणार का. तिसऱ्या रकान्यात ‘नाही’ आलं त्या घरांपासून सुरुवात करा, आणि दसऱ्याच्या आत त्यांच्या ओट्यावर जाऊन बसा.